महागडी कुकी, घरची कुकी : भट्टीच्या नोंदी

11 जानेवारी 2026

कामाचा आवाका ठरला. कॅफेच्या काचेमागे हमखास दिसणाऱ्या चार वस्तू घेतल्या: जाड चॉकलेट-चिप कुकी, बास्क चीजकेक, बटरच्या पदरांचा क्रोसाँ आणि घरच्या आंबवणावर फुगवलेला साउरडो पाव. प्रत्येक घरी करायची, साहित्याचा खर्च ग्रॅमवर काढायचा आणि दुकानाची किंमत नेमकी कशाची आहे ते बघायचं.

नगावर लावलेला भाव फसवतो, म्हणून आधी सगळं किलोवर आणलं. पुण्या-मुंबईत सर्वसाधारण दिसणारे भाव धरले. कुकी 180 रुपये, भाजलेलं वजन 100 ग्रॅम, म्हणजे 1,800 रुपये किलो. चीजकेकचा 140 ग्रॅमचा तुकडा 380 रुपये, म्हणजे किलोला सुमारे 2,700. क्रोसाँ 200 रुपये, वजन 80 ग्रॅम, किलोला 2,500. साउरडो साडेचारशे ग्रॅमचा 300 रुपयांना, किलोला 670. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरची 1955 पासूनची कयानी बेकरी श्रूजबेरी बिस्किटं वजनाच्या खोक्यांत विकते. तिथे गिऱ्हाइकाला भाव किलोतच कळतो आणि तुलना आपोआप होते. नगावर विकणाऱ्या जागी ती आपल्याला करावी लागते.

आणखी एक नोंद. 22 सप्टेंबर 2025 पासून केक, पेस्ट्री, बिस्किटं आणि चॉकलेटवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, बटरवरचा 12 वरून 5 वर. जुन्या बिलांशी तुलना करताना हे लक्षात ठेवायचं.

14 जानेवारी

साधनं. डिजिटल वजनकाटा, भट्टीत ठेवायचा थर्मामीटर, 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायची विजेची छोटी भट्टी. पहिल्या दोन्ही वस्तू काही शे रुपयांत येतात आणि त्यांच्याशिवाय पुढचं कुठलंच प्रमाण खरं ठरत नाही. मैदा चाळून हलक्या हाताने वाटीत भरला तर 120 ग्रॅम, दाबून भरला तर त्याच वाटीत 150. कुकी आज पसरली आणि उद्या गोळाच राहिली, याचं पहिलं कारण बहुतेकदा वाटीच असते.

घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत 15 ते 20 अंशांचा फरक सर्रास असतो. दिवा विझला म्हणजे भट्टी तापली, असंही नाही. आतली हवा तापलेली असते, पण पत्रा आणि जाळी अजून थंड असतात. दार उघडलं की ती हवा निघून जाते आणि पारा धाडकन खाली येतो. दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबायचं, थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून वाचायचं आणि बटण त्याप्रमाणे पुढेमागे करायचं. या नोंदींतली सगळी तापमानं थर्मामीटरची आहेत.

विजेचा हिशोब: 1,600 वॉटचा ओटीजी पंधरा मिनिटं पूर्ण चालला तर 0.4 युनिट. पुढे थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, म्हणून निम्मा धरला. वीजबिलातले सगळे आकार धरून युनिटला 13 रुपये लावले.

18 जानेवारी

आजचा दिवस चॉकलेटचा, कारण कुकीचा अर्धा हिशोब तिथेच आहे.

बाजारात दोन जाती. कंपाउंड म्हणजे कोको पावडर, साखर आणि वनस्पती तेलाचा घट्ट केलेला स्निग्धांश. खऱ्या चॉकलेटमध्ये स्निग्धांश कोको बटरचा असतो, आणि कूव्हर्चरमध्ये तो किमान 31 टक्के. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे यादीत 'एडिबल व्हेजिटेबल फॅट' किंवा 'हायड्रोजनेटेड' दिसलं आणि कोको बटर कुठेच नसलं, तर ते कंपाउंड. पुढच्या बाजूला 'डार्क' लिहिलंय की 'प्रीमियम', याला काही अर्थ नाही.

जिभेवरही कळतं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उबेला वितळतं आणि मागे काही राहत नाही. कंपाउंडचा स्निग्धांश त्याहून जास्त उष्णतेला वितळतो, म्हणून टाळूला मेणासारखा थर बसतो. कंपाउंडची सोय वेगळी आहे. त्याला टेम्परिंग, म्हणजे चकाकी आणि कडकपणा यावा म्हणून ठरावीक तापमानांना वितळवून गार करणं, लागत नाही आणि ते उन्हाळ्यात टिकतं, म्हणून केकवरच्या लेपाला ते चालतं. कुकीत मात्र चॉकलेट हाच मुख्य स्वाद असतो आणि तिथे ते सपक लागतं.

भाव: कंपाउंड किलोला 450 रुपयांच्या आसपास, चांगलं डार्क कूव्हर्चर 1,500. आयव्हरी कोस्ट आणि घानातली पिकं पडली, झाडांना रोग लागले आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 12,000 डॉलरच्या वर गेला. त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी खरं चॉकलेट काढून कंपाउंड आलं, किंमत मात्र तीच राहिली. 'महाग' हा शब्द खरा लागू पडतो तो अशा कुकीला. काउंटरवर सरळ विचारावं: चॉकलेट कूव्हर्चर आहे की कंपाउंड? बटर आहे की मार्जरिन, म्हणजे वनस्पती तेलाचं नकली बटर? चांगला बेकर हे आनंदाने सांगतो, कारण त्याचे पैसे तिथेच गेलेले असतात.

24 जानेवारी

थंडी आहे तोवर क्रोसाँ उरकून घेतले. पुण्यात हे काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेचं. एरवी एसी लावलेली खोली हवी.

बारा नगांसाठी मैदा 500 ग्रॅम, गार दूध आणि पाणी मिळून 270, साखर 50, इन्स्टंट यीस्ट 7, कणकेत बटर 40 आणि घड्यांसाठी बटर 280. नेहमीच्या पिवळ्या टेबल बटरमध्ये तीन टक्क्यांपर्यंत मीठ असतं, म्हणजे इथे आठ-नऊ ग्रॅम आलंच. कणकेत वेगळं मीठ फक्त चिमूटभर. मैदा मळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बटर दोन कागदांमध्ये लाटून 20 सेंटिमीटरचा चौकोन केला, कणकेत गुंडाळला आणि तीन वेळा तिपदरी घडी घातली: 27 पदर. प्रत्येक घडीनंतर 30 ते 40 मिनिटं फ्रिज.

सगळं बटरच्या तापमानावर अवलंबून असतं. 12 ते 15 अंशांना ते वाकतं. फ्रिजमधून थेट काढलेलं 4 अंशांचं बटर लाटण्याखाली तडकतं, त्याचे तुकडे होतात आणि भाजल्यावर काही ठिकाणी भोकं, काही ठिकाणी ठोकळा. 20 अंशांच्या वर गेलं तर ते मैद्यात मुरतं आणि हातात पडतो गोड पाव. चाचणी सोपी: बटरचा पत्रा ओट्याच्या कडेवर टेकवून वाकवायचा. न मोडता वाकला तर लाटायला घ्यायचा. शेवटचं फुगवणं 25–26 अंशांना, दोन ते अडीच तास. लवकर फुगावेत म्हणून उबदार जागी ठेवले तर बटर गळतं आणि ट्रेमध्ये क्रोसाँ त्याच तुपकट थारोळ्यात तळले जातात. भाजणं 200 अंशांना दहा मिनिटं, मग 180 ला आठ ते दहा.

खर्च: बटर 320 ग्रॅम, किलोला 580 रुपयांनी 186. मैदा 25, दूध 10, साखर-यीस्ट 15, वरून लावायला अंडं 8, वीज 13. एकूण 257, म्हणजे नगाला साधारण 21 रुपये.

दुकानात 200 आणि घरी 21. आकडा बघून कोणालाही वाटेल की लूट फक्त क्रोसाँत आहे. आमचं मत उलट आहे. इथे किंमत साहित्याची नाहीच. ती लाटण्याच्या यंत्राची, गार खोलीची आणि दोन दिवस राबलेल्या हातांची आहे. हाताने लाटलेल्या क्रोसाँचे पदर चांगल्या बेकरीइतके सारखे यायला पुष्कळ सराव लागतो. क्रोसाँ विकत आणावा. फक्त एक विचारून घ्यावं: इथेच लाटता, की गोठवलेले आणून भाजता? गोठवलेले भाजून विकण्यात वावगं काही नाही, पण त्या कामाचे 200 होत नाहीत.

31 जानेवारी

कुकी. न्यूयॉर्कच्या लेव्हेन बेकरीने 1995 पासून सहा औंसांची, म्हणजे 170 ग्रॅमची, उंच कुकी रूढ केली. आपल्याकडची जाड कुकी तिच्याच वंशातली. आम्ही 110 ग्रॅमचा गोळा धरला.

सात नग: बटर 115 ग्रॅम, साखर 150, काकवी 10, अंडं 1, मैदा 195, कॉर्नफ्लॉवर 5, खायचा सोडा 2, डार्क कूव्हर्चर 170, अक्रोड 85, व्हॅनिला अर्धा चमचा. बटर खारं असेल तर मीठ घालायचं नाही. बिनमिठाचं असेल तर 3 ग्रॅम.

बाहेरच्या कृतींत ब्राउन शुगर असते. इथे मिळणारी पुष्कळदा रंगवलेली साखरच असते आणि तिप्पट भावाने मिळते. साध्या साखरेत कोल्हापुरी काकवी चोळली की तोच ओलावा आणि तोच खमंगपणा येतो. काकवीत थोडा आंबटपणाही असतो, त्याने सोडा नीट काम करतो. आपली दाणेदार साखर मोठी असते, बटरमध्ये विरघळत नाही आणि कुकी करकरीत होते. मिक्सरमधून पाच-सहा सेकंद फिरवून रव्याइतकी करायची. पिठीसाखर करायची नाही, तिने कुकी वड्यांसारखी भुसभुशीत होते.

बटर फ्रिजमधून काढून चौकोनी तुकडे करायचे, दहा मिनिटांनी साखरेबरोबर फेटायचं. पांढरं, फुगीर व्हायची वाट बघायची नाही, तुकडे मोडून एकजीव झाले की पुरे. अंडं आणि व्हॅनिला घालायचं. मैदा, सोडा, कॉर्नफ्लॉवर एकत्र चाळून कालवायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. मग सुरीने ओबडधोबड चिरलेलं चॉकलेट आणि भाजलेले अक्रोड. तयार चिप्सपेक्षा चिरलेलं चॉकलेट बरं, कारण चिप्स आकार टिकवण्यासाठीच बनवलेल्या असतात, कापलेल्या वडीचे मात्र पापुद्रे पिठात शिरतात. गोळे हाताने गुळगुळीत वळायचे नाहीत, खडबडीतच ठेवायचे.

झाकून 24 तास फ्रिजमध्ये. या वेळात मैदा अंड्यातलं पाणी शोषतो, पीठ घट्ट होतं, कुकी कमी पसरते आणि रंग गडद येतो. मग 200 अंशांना 10 ते 12 मिनिटं. कडा सोनेरी, मधला भाग अजून ओला दिसत असतानाच बाहेर काढायची. गरम ट्रेवर पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, आतलं भाजणं तिथे पूर्ण होतं. लगेच उचलली तर मोडते.

खर्च: चॉकलेट 255, अक्रोड 119, बटर 67, मैदा 10, साखर-काकवी 9, अंडं 8, सोडा-व्हॅनिला वगैरे 5, वीज 8. एकूण 481, नगाला 69 रुपये. यांतले 374 रुपये नुसत्या चॉकलेट-अक्रोडाचे. कंपाउंड वापरलं तर एकूण 303, नगाला 43.

खाद्यव्यवसायात साहित्याचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका धरतात. बाकी भाडं, पगार, वीज, नासाडी. 69 ला तिपटीने गुणलं की 207 होतात. खऱ्या बटरची आणि कूव्हर्चरची कुकी कोणी 180 ला देत असेल तर त्याचा भाव रास्त आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. कंपाउंडची त्याच भावात देणारा मात्र अव्वाच्या सव्वा घेतोय.

तरीही ही कुकी घरीच करावी, असं आम्ही ठामपणे म्हणतो. किंमत साहित्यात आहे, कसबात फारशी नाही. मेहनत अर्ध्या तासाची.

3 फेब्रुवारी

कुकी का बिघडते, ते मुद्दाम एकेक गोष्ट बदलून भाजून पाहिलं.

पापडासारखी पसरली: बटर वितळलेलं होतं, किंवा गोळे गार केले नव्हते. घरचं लोणी वापरलं तरी हेच होतं, कारण त्यात ताकाचं पाणी जास्त असतं. गोळाच राहिली, पसरलीच नाही: मैदा जास्त. कडा तेलकट आणि फिक्या: भट्टी 170 च्या खाली, म्हणजे पीठ घट्ट व्हायच्या आत बटर वाहून गेलं. खाली करपली, वर कच्ची: पातळ काळा ट्रे. त्याच्याखाली दुसरा ट्रे सरकवला की सुधारते. तोंडात साबणाची चव: सोडा जास्त. 2 ग्रॅम म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्यापेक्षाही थोडा कमी, तेवढाच.

बटरऐवजी साजूक तूप घालायचं तर वजनास वजन नाही. बटरमध्ये 80 टक्के स्निग्धांश, तूप जवळजवळ निखळ. 115 ग्रॅम बटरच्या जागी 92 ग्रॅम रवाळ तूप आणि 18 ग्रॅम दूध, वर मीठ. चव नानकटाईकडे झुकते. आम्हाला आवडली, पण ती मग वेगळी वस्तू आहे.

अंडं नको असेल तर 30 मिलिलिटर दूध आणि 10 ग्रॅम दूध पावडर. चिवटपणा थोडा कमी होतो. पिवळ्या बलकात जे स्निग्ध आणि पाण्याला जोडून ठेवणारं लेसिथिन असतं, ते इथे नसतं.

15 फेब्रुवारी

बास्क चीजकेक. मूळ स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ला विन्या या बारचा. तळाला बिस्किटांचा थर नाही, पाण्याच्या ट्रेत भाजणं नाही, वरचा भाग मुद्दाम काळपट. चारही वस्तूंत सर्वांत सोपी.

15 सेंटिमीटरच्या भांड्याला क्रीम चीज 400 ग्रॅम, साखर 140, अंडी 3, क्रीम 200 मिलिलिटर, मैदा 10. सगळं खोलीच्या तापमानाला आणायचं, थंड चीजच्या गुठळ्या पुढे कधीच मोडत नाहीत. चीज आणि साखर आधी गुळगुळीत करायची, मग एकेक अंडं, मग क्रीम, शेवटी चाळलेला मैदा. फेटायचं नाही, कालवायचं. हवा शिरली की केक भट्टीत टम्म फुगतो आणि बाहेर काढल्यावर चिरा पडून बसतो. डब्यातलं साधं 25 टक्क्यांचं क्रीम वापरलं तर 180 मिलिलिटर घ्यायचं आणि मैदा 15 ग्रॅम. भांड्याला कागद लावताना तो कडेच्या वर चार बोटं येऊ द्यायचा.

220 अंश, 30 ते 35 मिनिटं, वरची कॉइल चालू. भांडं हलवलं की मधला पाच सेंटिमीटरचा भाग खरवसासारखा डुलला पाहिजे. ओटीजीत रंग आला नाही तर शेवटची चार मिनिटं फक्त वरची कॉइल आणि जाळी एक घर वर. पूर्ण गार करून फ्रिजमध्ये आठ तास. त्याआधी कापला तर आतला भाग वाहतो आणि कच्चा राहिला असं उगाच वाटतं.

खर्च: चीज किलोला 800 ने 320, क्रीम 55, अंडी 24, साखर-मैदा 7, वीज 13. एकूण 419, सहा तुकडे, तुकड्याला 70. दुकानात 380. साहित्य पाचव्या हिश्शाहून कमी, यंत्र लागत नाही, कसब लागत नाही. चारही वस्तूंत जास्तीचे पैसे आपण सर्वांत निष्कारण देतो ते या तुकड्याला.

19 फेब्रुवारी

चीजच्या जागी चक्का. पूर्ण चक्क्याचा केक आंबट आणि रवाळ होतो: स्निग्धांश कमी, आणि आंबट दह्यातलं केसिन हे प्रथिन उष्णतेने आकसून पाणी सोडतं. निम्मा-निम्मा उत्तम जमतो. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचं गोड दही, विरजण लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकलेलं. फडक्यात बांधून फ्रिजमध्येच 12 तास टांगायचं. एका लिटरला 350 ते 400 ग्रॅम चक्का पडतो. पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढायचा, श्रीखंडाला काढतो तसाच. मैद्याबरोबर 10 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, भट्टी 210.

एकूण 299 रुपये, तुकड्याला 50. चवीला किंचित आंबटपणा येतो आणि तो आम्हाला नुसत्या चीजपेक्षा बरा वाटला. वेलची-केशर घालायचा मोह आवरावा. जळक्या साखरेची चव त्याने झाकली जाते.

8 मार्च

साउरडो, थोडक्यात. मैदा, पाणी, मीठ आणि घरचं आंबवण. पावाला 35 ते 40 रुपये, बराचसा भाग विजेचा. चपातीची कणीक पूर्ण वापरली तर पाव चिकट होतो: चक्कीत बारीक दळताना गव्हाचा स्टार्च तुटतो, जास्त पाणी ओढतो आणि आत ओलं राहतं. 70 टक्के मैदा, 30 टक्के कणीक हे प्रमाण बसतं. मार्चच्या उकाड्यात पीठ चार-साडेचार तासांत येतं, त्यामुळे परदेशी कृतींतले आठ-दहा तास इथे पाव आंबवून टाकतात. पीठ दीडपट झालं की थेट फ्रिज. ओटीजीत वाफ टिकत नाही. जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात 230 अंशांना 20 मिनिटं झाकून आणि 20 उघडं.

रोज पाव खाणाऱ्या घरात हे परवडतं. महिन्यातून एकदा खाणाऱ्याने आंबवण पोसत बसू नये.

12 एप्रिल

स्वयंपाकघर 34 अंशांवर. कुकीचं पीठ फेटेपर्यंत बटर सैल पडतं, म्हणून भांडं, साखर, मैदा सगळं आधी तासभर फ्रिजमध्ये. गोळे करून ताटावर तीन तास फ्रीझरमध्ये कडक केले, मग पिशवीत हवा काढून बंद.

घरच्या कुकीचा हिशोब बिघडतो तो याच ठिकाणी. दुकानातून दोन आणल्या असत्या, घरी सात भाजल्या तर साती संपतात आणि बचत उरत नाही. म्हणून लागतील तेवढेच गोळे भाजायचे. फ्रीझरमधून थेट ट्रेवर, 190 अंश, 13 ते 14 मिनिटं. दोनच कुकींसाठी भट्टी तापवली तरी वीज नगाला साडेतीन-चार रुपयांच्या वर जात नाही. पिशवीवर तारीख आणि चॉकलेटची जात लिहायची. दोन महिन्यांपर्यंत चव तशीच राहते, पुढे अक्रोडाला खवट वास लागतो. जास्त दिवस ठेवायचे असतील तर त्या घाण्यात अक्रोड घालायचे नाहीत आणि चॉकलेट 200 ग्रॅम करायचं.

कूव्हर्चर मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं, साखर विरघळून पांढरे डाग पडतात. घरातल्या सर्वांत गार कपाटात, हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून लांब. मे महिन्यात तेही शक्य नसेल तर आता लागेल तेवढंच आणायचं आणि मोठी खरेदी पाऊस सुरू झाल्यावर करायची.